वैद्यकीय नीतीतले चौथे तत्त्व

काय करता येईल हे वैद्यकशास्त्र सांगते. ते करावे का, कोणाच्या सांगण्यावरून करावे आणि त्याचा भार कोणी उचलावा, हे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. गर्भाशय काढता येते, श्वास यंत्रावर चालू ठेवता येतो, पोटातल्या गर्भाचे लिंग दिसते, एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवता येते. यातली प्रत्येक गोष्ट कधी उपकार ठरते तर कधी गुन्हा. दोन्ही वेळा हत्यारे तीच असतात आणि कौशल्यही तेच. हा फरक कशावरून करायचा याचा विचार म्हणजे वैद्यकीय नीतिशास्त्र. त्याचे सिद्धांत मुख्यतः युरोपात घडले, तत्त्वे अमेरिकेत सूत्रबद्ध झाली आणि आज ती इथल्या विद्यार्थ्यांना स्वायत्तता, हितसाधन, अपाय टाळणे आणि न्याय अशा चार नावांनी शिकवली जातात. क्रम बहुधा हाच असतो. न्याय शेवटी येतो, आणि तास संपत आलेला असतो. महाराष्ट्रातले अनुभव तपासले तर हा क्रम टिकत नाही. न्यायाचा प्रश्न आधी सोडवला नाही, तर उरलेल्या तिन्ही तत्त्वांचे पालन कागदोपत्री होते आणि माणूस होता तिथेच राहतो.

जुनी वैद्यकनीती वैद्याच्या चारित्र्यावर उभी होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना गुरू त्याला बारीकसारीक नियम घालून देतो. रुग्णाच्या घरात शिरावे ते परवानगीने आणि ओळखीच्या माणसाबरोबर. घरातले काही बाहेर बोलू नये. मरण जवळ आलेले कळले, तरी जिथे ते सांगितल्याने रुग्णाला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे सांगू नये. सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. चांगल्या रुग्णाचे गुणही दिले आहेत. त्याला झालेले नीट आठवावे, त्रास सांगता यावा, तो घाबरणारा नसावा आणि सांगितलेले त्याने ऐकावे. रुग्णाने काही ठरवावे अशी अपेक्षा त्यात नाही. ग्रीसमधील हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेली शपथही याच वळणाची आहे. चरकाच्या उपदेशात आणखी एक गोष्ट आहे आणि गौरवाने बोलताना ती सहसा वगळली जाते. राजाच्या मर्जीतून उतरलेल्यांना, तसेच पती किंवा पालक सोबत नसलेल्या स्त्रियांना औषध देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे उपचार कोणाला मिळावेत हा प्रश्न तेव्हाही होता. फक्त त्याचे उत्तर सत्ता आणि कुटुंब यांनी आधीच देऊन ठेवले होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कर्त्याच्या चारित्र्याऐवजी कृतीची परीक्षा सुरू झाली. इमॅन्युएल कांटचा नीतीच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ १७८५ चा, तर जेरेमी बेंथमचा उपयुक्ततावाद मांडणारा ग्रंथ १७८९ चा. बेंथम आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांच्या मते कृतीचे बरेवाईटपण तिच्या परिणामांवर ठरते. सर्वांचे सुखदुःख एकाच मापाने मोजायचे आणि ज्या मार्गाने एकूण हित जास्तीत जास्त होईल तो मार्ग धरायचा. कांटला ही बेरीज मान्य नाही. माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नये, मग त्यातून इतरांचे कितीही भले होवो, असे तो बजावतो. लसीकरणाची मोहीम आखणारा अधिकारी साधारणपणे बेंथमसारखा विचार करतो. समोर बसलेल्या एका रुग्णाशी बोलणाऱ्या डॉक्टरकडून अपेक्षा असते ती कांटची. एकाच माणसाला सकाळी पहिली आणि संध्याकाळी दुसरी भूमिका करावी लागते, तेव्हा या दोन सिद्धांतांतली तेढ पुस्तकातली राहत नाही.

ही तेढ उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी कोणत्या पद्धतीने करावी हे ठरवण्यासाठी १९९९ मध्ये तिथे मोठी चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशीतपासणी, तिसऱ्याला ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी मिळाली. चौथ्या गटातील स्त्रियांची पूर्वतपासणी झालीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि तपासणी न झालेल्या गटात ६४.

परिणामांची बेरीज करणाऱ्याला हा हिशेब पटतो. गरीब देशात एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे कळणे म्हणजे पुढच्या असंख्य जिवांची सोय. संशोधकांची बाजूही पोकळ नव्हती. जिल्ह्यात आधी कोणतीच पूर्वतपासणी होत नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाकडून काही हिरावून घेतले गेले नाही, असे ते म्हणत. टीकाकारांनी कांटच्या बाजूने विचारले: पेशीतपासणीने हा कर्करोग रोखता येतो हे श्रीमंत देशांत कित्येक दशके माहीत असताना या स्त्रियांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणे हा साधन म्हणून वापर नव्हे तर काय? दोन्ही बाजू वाचल्यावर ध्यानात येते की वाद परिणाम आणि कर्तव्य यांच्यापाशी थांबत नाही. ‘प्रचलित उपचार’ म्हणजे कुठले प्रचलित उपचार, ओस्लोमधले की उस्मानाबादमधले, यावर सारे अडते. जिल्ह्यात पूर्वतपासणी नव्हती ही काही निसर्गाची योजना नव्हती. ती खर्चाच्या प्राधान्यक्रमातून आलेली उणीव होती, आणि संशोधनाने तिला गृहीत धरून तिच्यावर आराखडा बांधला. कांट आणि बेंथम दोघेही या ठिकाणी अपुरे पडतात, कारण दोघांपैकी कोणीही ही उणीव कोणाची जबाबदारी हे आधी विचारायला लावत नाही.

तिसरा सिद्धांत जुन्याच वाटेने परत येतो. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतली सद्गुणनीती ‘काय करावे’ यापेक्षा ‘कसे असावे’ हे विचारते: धैर्य, प्रामाणिकपणा, विवेक आणि करुणा अंगी मुरली असेल, तर नियमांत न बसणाऱ्या प्रसंगीही माणूस योग्य वागतो. कॅरल गिलिगन यांच्या १९८२ च्या पुस्तकानंतर पुढे आलेली काळजीची नीती तिची जवळची नातलग आहे. तिच्या दृष्टीने माणसे सुटीसुटी नसतात, नात्यांत गुंतलेली असतात, आणि नीतीची सुरुवात समोरच्याच्या गरजेकडे नीट पाहण्यापासून होते.

पुण्यात १८९७ साली ही काळजीची वृत्ती आणि तिच्या उलटची वृत्ती जवळजवळ शेजारी वावरत होत्या. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करत होत्या आणि त्याच साथीने १० मार्चला त्यांचा बळी घेतला. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला होता आणि प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर रँड याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. रुग्णांना दवाखान्यात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावण्यांत हलवले जाई, सामान जाळले जाई, बायकांची तपासणीही परक्या पुरुषांसमोर होई. दोन्हीकडे रुग्णाला वेगळे काढणे आणि साथ आवरणे हेच उद्दिष्ट होते. एकीकडे शुश्रूषा करणारा स्वतः धोका पत्करत होता, दुसरीकडे सगळा धोका आणि सगळा अपमान शहरातल्या लोकांच्या वाट्याला टाकला होता. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत मात्र तो क्वचितच येतो, आणि साथींच्या काळात लोक सरकारी पथकाला का घाबरतात हे कोडे प्रत्येक पिढीतल्या अधिकाऱ्यांना नव्याने पडते.

सिद्धांतांतले मतभेद मिटण्याची वाट पाहणे विसाव्या शतकात अशक्य झाले. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालात १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिच्या दहा कलमांतले पहिले कलम प्रयोगातील व्यक्तीच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. तरीही अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथला अभ्यास चालूच राहिला. उपदंश झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा रोग उपचाराविना कसा वाढतो हे सरकारी आरोग्यसेवा १९३२ पासून पाहत होती. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते या माणसांना दिले गेले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी वाचा फोडली तेव्हा अभ्यास थांबला. त्यानंतर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने काढलेला बेलमाँट अहवाल आणि टॉम बीचम व जेम्स चिल्ड्रेस यांचा चार तत्त्वांचा ग्रंथ, दोन्ही १९७९ चे. कांट मानणारा आणि मिल मानणारा यांचे मूळ कारणांवर जमले नाही तरी रुग्णाला फसवू नये, त्याला अपाय करू नये यावर जमू शकते, एवढ्या समजुतीवर ही मांडणी उभी आहे. चारही तत्त्वे सकृद्दर्शनी बंधनकारक मानायची आणि दोघांत टक्कर झाली की त्या प्रसंगात कोणाचे वजन जास्त ते पाहायचे, ही रीत ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांच्या १९३० च्या ग्रंथातून आली.

चौघांत स्वायत्ततेचा बोलबाला सर्वाधिक. सक्षम प्रौढ व्यक्तीने आपल्या शरीराबाबतचा निर्णय समजून-उमजून, दडपणाविना स्वतः घ्यावा, एवढा तिचा अर्थ. रुग्णालयात तिचे रूप म्हणजे संमतीपत्र. बहुतेक ठिकाणी हा कागद आदल्या संध्याकाळी इतर कागदांच्या गठ्ठ्यात पुढे येतो, ‘इथे, इथे आणि इथे’ असे बोट ठेवून सह्या घेतल्या जातात आणि पेशंटच्या सहीच्या खाली नातेवाईकाच्या सहीची वेगळी रेघ असते. ही दुसरी रेघ पुष्कळदा पहिलीपेक्षा महत्त्वाची मानली जाते. सर्वोच्च न्यायालयासमोर २००८ मध्ये निकाली निघालेल्या एका प्रकरणात चाळिशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून फक्त तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडे काढली. वैद्यकीय दृष्टीने हे योग्यच होते असा डॉक्टरचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही: रुग्ण सज्ञान होती, जिवावर बेतलेले नव्हते, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की रुग्णाला किती माहिती द्यायची याचे अमेरिकी माप भारतातल्या परिस्थितीत जसेच्या तसे लावता येणार नाही. पुरेशी माहिती देणे मात्र बंधनकारक आहे.

कुटुंबाचा प्रश्न मात्र एका निकालाने सुटणारा नाही. कर्करोगाच्या ओपीडीत वडिलांना बाहेर बाकावर बसवून मुलगा आधी आत येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, ते खचून जातील.’ पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक याला स्वायत्ततेचा भंग म्हणून मोकळे होते. इथल्या डॉक्टरला एवढे सोपे उत्तर परवडत नाही, कारण खर्च मुलगा करणार, रजा तो काढणार, रात्री उशाशी तोच बसणार. तरीही मुलाची विनंती म्हणजे वडिलांचा निर्णय नव्हे. ‘तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यायचंय? की मुलाशी बोलू?’ असे वडिलांना विचारणे कठीण नसते, आणि त्यांनी ‘त्याच्याशीच बोला’ म्हटले तर तीही स्वायत्तताच. न विचारता त्यांना निर्णयातून वगळणे ही चरकाच्या काळातली दया आहे. आजच्या रुग्णाला तीत मृत्युपत्र करायलाही वेळ मिळत नाही.

रुग्ण बोलूच शकत नसेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरमधील हल्ल्यानंतर तिथल्याच खाटेवर चार दशकांहून अधिक काळ पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न बंद करण्याची परवानगी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती नाकारली, पण अशा मागण्या उच्च न्यायालयाच्या संमतीने मान्य होऊ शकतात हे त्याच निकालात प्रथम मान्य केले. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने विराणींना दिला नाही. इतकी वर्षे भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे निकटचे मानले, आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. स्वायत्ततेच्या चौकटीत हा निर्णय अवघडतो, काळजीच्या नीतीत सहज बसतो. पुढे २०१८ मध्ये घटनापीठाने प्रतिष्ठेने मरणाचा अधिकार मान्य करून उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला कायदेशीर मान्यता दिली; त्याच्या किचकट अटी २०२३ मध्ये सैल केल्या.

स्वायत्तता शेवटचा शब्द होऊ शकत नाही याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेने लिंग सांगणारे दवाखाने फोफावले. जोडपे स्वतः येते, स्वतः पैसे देते, माहिती पूर्ण आहे, संमती लेखी आहे, असा युक्तिवाद तेव्हा डॉक्टरच करत. संमतीच्या सर्व अटी पुऱ्या होत होत्या आणि तरी ते गैर होते, कारण ही निवड ज्या दडपणातून होत होती त्यात मुलीचे आणि तिच्या आईचे मोल आधीच कमी लावलेले होते. राज्याने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला.

अपाय टाळणे आणि हितसाधन ही दोन तत्त्वे वेगळी मोजतात, पण व्यवहारात ती एकमेकांत अडकलेली असतात. प्रत्येक शस्त्रक्रियेत आधी जखम होते आणि मग बरे वाटते. उद्दिष्ट वेदना शमवण्याचे असेल, तर मॉर्फिनने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव पत्करता येतो, हा दुहेरी परिणामाचा जुना युक्तिवाद. भारतात उलटे घडले. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि कर्करोगाचे रुग्ण वेदनेत तळमळत राहिले. नियम सैल व्हायला २०१४ उजाडले. अपाय होईल या भीतीने हात आखडणे हाही अपाय करण्याचा एक प्रकार आहे, आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागत नाही म्हणून तो अधिक पसरतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हीच भीती समोरासमोर घेतली. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर रुग्णालयात न्यावे, असे पुस्तक सांगे. रुग्णालय कित्येक कोस दूर, रस्ता नाही, आणि ओली बाळंतीण घराबाहेर पडणार नाही. संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचे, संसर्गाची लक्षणे ओळखायची आणि गरज पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई देणे अनेकांना घातक वाटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत या ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. इंजेक्शनातून होऊ शकणारा अपाय टेबलावर मांडला गेला होता. इंजेक्शन न दिल्याने होणारा अपाय तोवर कोणी मोजलेला नव्हता. तो मोजल्यावर वजनाचे पारडे फिरले. उस्मानाबादप्रमाणे इथेही तुलनेची गावे होती आणि तीच अस्वस्थता इथेही आहे, हे सोयीस्करपणे विसरू नये. शहरातल्या बाळासाठी जे ‘किमान सुरक्षित’, ते गडचिरोलीच्या बाळाला मिळणारच नसेल, तर ते माप लावून त्याला काहीच न देणे ही सावधगिरी नव्हे.

गोपनीयता आणि सत्यकथन यांना या मांडणीत स्वतंत्र तत्त्वाचा मान नाही. ती चौघांतून निघणारी कर्तव्ये आहेत. त्यांच्या मर्यादा कुठे, हे १९९८ च्या एका प्रकरणात पुढे आले. रक्तदान करताना एचआयव्हीबाधित निघालेल्या माणसाची माहिती रुग्णालयातून बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. सर्वोच्च न्यायालयाने नियोजित वधूच्या जिवाचे पारडे जड मानले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मात्र गोपनीयता हाच नियम ठेवला आणि जोडीदाराला सांगण्यास अटी घातल्या. नाव फुटण्याच्या धास्तीने तपासणीच टाळणारे लोक कायदा करणाऱ्यांना एव्हाना दिसले होते.

न्याय म्हणजे लाभ आणि भार यांची रास्त वाटणी. सिॲटलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दीर्घकालीन डायलिसिस शक्य झाले, पण यंत्रे मोजकी होती. कोणाला जगवायचे हे ठरवायला सात जणांची समिती बसली आणि तिने अर्जदाराची मिळकत, मुलेबाळे, चर्चमधली हजेरीसुद्धा पाहिली. निकष कोणते असावेत यावर तत्त्वज्ञांनी पुढे खूप लिहिले. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारने डायलिसिसचा खर्च उचलला आणि समितीचे कामच संपले. टंचाई कायमची समजून तिच्यात योग्य-अयोग्य ठरवत बसण्याआधी टंचाई कोणी केली हे विचारले पाहिजे, हा धडा त्यातला. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये न्यायाची जी कसोटी मांडली, ती नॉर्मन डॅनियल्स यांनी १९८५ मध्ये आरोग्याला लावली: आजार माणसाच्या संधी हिरावतो, म्हणून आरोग्यसेवा ही इतर विकत घ्यायच्या वस्तूंसारखी मानता येत नाही.

न्यायाला पुढे आणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. समाजाच्या हिताच्या नावाने व्यक्तीला चिरडण्याचा मार्ग त्यातून खुला होतो, असे म्हणतात, आणि रँडचे पुणे त्याचा दाखला म्हणून देता येते. पण रँडने जे केले ती बेरीज होती, वाटणी नव्हती. साथ आटोक्यात येण्याचा लाभ साऱ्या साम्राज्याला, भार मात्र पेठांतल्या घरांना, तोही त्यांना न विचारता. वाटणीचा प्रश्न आधी विचारला असता, तर त्या झडत्या तशा झाल्याच नसत्या.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण या सगळ्याची कसोटी घेते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. यातल्या कितीतरी जणी ऐन तिशीच्या आसपासच्या होत्या. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. जोडी एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. फडात शौचालय नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर. एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे दंड, लागतो आणि तो उचलीत जमा होतो. अंगावर पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली की सोनोग्राफी होते आणि ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, दोन लेकरं झालीत ना, काढून टाका’ असा सल्ला मिळतो. बाई हो म्हणते. संमतीपत्रावर तिची सही किंवा अंगठा असतो. ऑपरेशनचे पैसे पुष्कळदा पुढच्या हंगामाच्या उचलीतून येतात.

पहिल्या तीन तत्त्वांनी हे प्रकरण तपासले तर आरोप डॉक्टरवर येऊन थांबतो: त्याने पर्याय सांगितले नाहीत, अनावश्यक शस्त्रक्रिया केली, अकाली रजोनिवृत्तीचे धोके लपवले. आरोप खरे आहेत आणि त्यांची चौकशी व्हायलाच हवी. पण समजा, एखाद्या प्रामाणिक डॉक्टरने सारे नीट समजावून सांगितले. औषधाने बरे होईल, त्याला काही महिने लागतील, विश्रांती हवी, पाळी चालू राहील. बाईने हिशेब केला, पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे कर्ज, आणि तरीही पिशवी काढायला सांगितले. आता माहिती पूर्ण आहे, डॉक्टरचे दडपण नाही, निर्णय तिचाच आहे. स्वायत्ततेच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येला इथे बोलण्यासारखे काही उरत नाही, आणि तरी चांगले काही घडलेले नाही. तिला दोनच वाटा ठेवणारी व्यवस्था सल्लाखोलीच्या बाहेर, साखर कारखाना, मुकादम आणि सरकारी दवाखान्यातली रिकामी स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा यांनी मिळून बनलेली आहे.

प्रकरण गाजल्यावर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. अपाय टाळण्याच्या दृष्टीने हा उपाय बरा, कारण धंदा म्हणून होणाऱ्या शस्त्रक्रियांना त्याने चाप बसतो. स्वायत्ततेच्या दृष्टीने तो खटकणारा आहे. पुण्या-मुंबईतल्या स्त्रीला आपल्या शरीराबाबत सरकारी डॉक्टरची मंजुरी आणावी लागत नाही. न्यायाच्या दृष्टीने तो अर्धा आहे. परवानगी नाकारलेली बाई पोटात दुखत असतानाच फडावर परत जाते. शल्यचिकित्सकाच्या अधिकारात शस्त्रक्रिया थांबवणे येते, खाडा बंद करणे येत नाही. पाळीच्या दिवसांची भरपगारी सुटी, फडावर पाणी आणि शौचालय, हंगामात ऊसपट्ट्यात फिरता दवाखाना, ही कामे साखर कारखाने, कामगार विभाग आणि आरोग्य विभाग यांच्या अंदाजपत्रकांत बसतात. वैद्यकीय नीतीच्या अभ्यासक्रमात अंदाजपत्रकाचा धडा नसतो. बीडमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला मात्र त्याच्याशिवाय समोरच्या बाईची संमती खरी की नाइलाजाची हे सांगता येणार नाही.